आयनांचा सापळा आणि विरळ वायूचे गणित

नागपूरहून इटारसीकडे जाणारी आगगाडी पांढुर्णे सोडून तिगावला आली, की पुढे चिचोंड्याकडे जाताना सातपुड्याचा घाट लागतो. चढावर गाडीचा वेग आपोआप उणावतो. परंतु तिला नेमक्या जागी उभी करावयाची, तर अखेरीस ब्रेकच लावावा लागतो. अणुगर्भाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही असाच प्रश्न असतो. फरक इतकाच, की त्यांची गाडी म्हणजे एक अणू, तिचा वेग सेकंदाला काहीशे किलोमीटर, आणि तिला लावावयाचा ब्रेक विरळ वायूचा!

जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संस्थेत ‘इसोल्डे’ नावाचे केंद्र १९६७ पासून चालू आहे. भारत २०१७ पासून या संस्थेचा सहयोगी सदस्य आहे. इसोल्डेमध्ये निसर्गात सहसा न आढळणारे अल्पायुषी अणू निर्माण केले जातात. अशा अणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला, की तो विद्युतभारित होतो. त्यालाच आयन म्हणतात. विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांच्या साहाय्याने आयनांना, भिंतीचा स्पर्श होऊ न देता, कोंडून ठेवता येते. हाच आयनांचा सापळा. या सापळ्यांच्या संशोधनाबद्दल हान्स डेमेल्ट व वोल्फगांग पाउल हे १९८९ च्या नोबेल पारितोषिकाचे वाटेकरी झाले. चुंबकीय क्षेत्रात आयन सेकंदाला किती फेऱ्या घेतो हे मोजले, की त्याचे वस्तुमान अत्यंत अचूक कळते. आणि त्यावरून अणुगर्भातील कण एकमेकांशी किती घट्ट बांधलेले आहेत, हे उमगते.

मात्र वेगाने धावणारा आयन सापळ्यात थांबत नाही. म्हणून प्रथम त्याला विद्युत् दाबाचा चढ चढावयास लावतात. उरलेला वेग घालविण्यासाठी त्याला हीलियम वायूने भरलेल्या नळीतून नेतात. हीलियमच्या हलक्या अणूंवर आदळता आदळता जड आयनाची ऊर्जा थोडीथोडी खर्च होते व तो शांत होतो. हीलियमच का, तर आपला इलेक्ट्रॉन सोडण्यास तो इतर सर्व मूलद्रव्यांहून अधिक नाखूश असतो. त्यामुळे आयनाचा विद्युतभार हिरावला जात नाही. वायूत पाण्याच्या वाफेचा अंश जरी मिसळला, तरी हा लाभ धोक्यात येतो.

खरी अडचण पुढेच आहे. नळीत वायू हवा. पण तिच्याच पुढे असलेल्या वस्तुमापनाच्या सापळ्यात जवळजवळ पूर्ण निर्वात हवे. आयनासाठी दोहोंमध्ये छिद्र ठेवावेच लागते, आणि त्या छिद्रातून वायूही निसटतो. तो किती निसटेल, कोठे वळेल, पंप त्यातील किती ओढून घेईल, हे यंत्र बांधण्यापूर्वीच कळले पाहिजे.

नदीच्या पाण्याला लागू पडणारी समीकरणे येथे पुरी पडत नाहीत. नेहमीच्या हवेच्या दाबाला हीलियमचा अणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही कमी अंतर जातो. दाब एक लक्षांश केला, की हेच अंतर सुमारे २ सेंटिमीटर होते. आणखी एक लक्षांश केला, की सुमारे २ किलोमीटर! म्हणजे नळीत वायू अंशतः प्रवाहासारखा वागतो, तर छिद्रापलीकडे प्रत्येक अणू भिंतीपासून भिंतीपर्यंत एकटाच धावतो. हे अंतर व नळीची रुंदी यांच्या गुणोत्तराला डॅनिश शास्त्रज्ञ मार्टिन क्नुडसेन यांचे नाव दिलेले आहे.

या मधल्या अवस्थेसाठी ऑस्ट्रेलियाचे ग्रॅम बर्ड यांनी १९६३ च्या सुमारास एक युक्ती काढली. सगळे अणू मोजणे अशक्य; म्हणून गणकयंत्रात थोडे प्रतिनिधी घ्यावयाचे, व प्रत्येकाने कोट्यवधी अणूंच्या वतीने वागावयाचे. जागेचे लहान लहान कप्पे पाडावयाचे. क्षणाच्या सूक्ष्म अंशात आधी सर्वांना सरळ पुढे सरकवावयाचे, मग एकाच कप्प्यातील जोड्यांपैकी कोणाची टक्कर होईल, हे फासे टाकल्याप्रमाणे ठरवावयाचे. जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या मोंटे कार्लो शहराचे नाव या पद्धतीला मिळाले, ते यामुळेच. एकेक टक्कर दैवाधीन असली, तरी असंख्य टकरींची सरासरी वायूचा दाब, वेग व दिशा विश्वासार्हपणे सांगते. त्या नकाशावर मग आयनाचा मार्ग आखतात, आणि प्रत्यक्ष दाबमापनाशी उत्तर ताडून पाहतात.

एवढा खटाटोप कशासाठी? इसोल्डेतील सापळ्यात मोजलेले जस्ताच्या ८२ वस्तुमानांकाच्या अणूचे वस्तुमान २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तो सेकंदाच्या अंशातच नष्ट होतो. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या बाह्य कवचात तो असावा, असा तर्क होता. मापनानंतर त्याचे नाव त्या यादीतून काढावे लागले. दूरच्या ताऱ्याच्या घडणीविषयीचे एक मत येथे, पृथ्वीवरील एका यंत्रात बदलले. असे अणू मोजकेच हाती येतात. वायू अपुरा पडला तर ते थांबत नाहीत, अधिक झाला तर मापन बिघडते. चुकलेल्या हिशेबाचे मोल त्या दुर्मिळ अणूंनी व यंत्रावर मिळालेल्या मोजक्या दिवसांनी चुकवावे लागते. म्हणूनच छिद्र पाडण्यापूर्वी त्यातून जाणाऱ्या वायूचे गणित मांडणे, हा या प्रयोगांचा अर्धा पाया होय.