समोरून उघडलेली वाट

मानेतून निघालेली कळ खांद्यावरून दंडात उतरते, कोपर ओलांडून बोटांपर्यंत जाते. हात उशाशी घेतला तर जरा बरं वाटतं, खाली सोडला की पुन्हा ठणका सुरू. ‘नस दबली आहे’ असं आज गावातला डॉक्टरही ओळखतो. हे ओळखायला वैद्यकाला मात्र बराच काळ लागला.

१९२८ साली अमेरिकेत बायरन स्टुकी यांनी मानेत मज्जारज्जूला दाबणाऱ्या कूर्चेच्या गाठींचं वर्णन केलं. त्यांना त्या ट्यूमर वाटल्या. त्या बहुधा दोन मणक्यांमधल्या गादीचे निसटलेले तुकडेच होते. १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी गादी फाटते, सरकते आणि नस दाबते हे रुग्णांसह मांडलं, तेव्हा कुठे गाठींचा हा गैरसमज दूर होऊ लागला. मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात बोलका वाटतो तो १९४३ चा मेम्फिसमधला लेख. सेम्स आणि मर्फी यांनी चार रुग्णांची हकिकत दिली. लक्षणं हृदयविकारासारखी, आणि दुखण्याचं मूळ मानेतली सहावी गादी आणि तिने दाबलेली सातवी नस.

तेव्हाची शस्त्रक्रिया मागून व्हायची. रुग्णाच्या मानेमागचे स्नायू सोडवायचे, मणक्याचं हाड कोरायचं आणि नसेला मोकळं करायचं. तुकडा बाजूला असेल तर हे छान जमे. तो मधोमध असला की मात्र पंचाईत, कारण वाटेत मज्जारज्जू आडवा. त्याला जरा जास्त हलवलं तर हातपायच जायचे.

म्हणून १९५० च्या दशकात समोरून जाण्याचा विचार झाला, आणि माझ्या मते या विषयातली खरी झेप हीच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉबिन्सन आणि स्मिथ, होनोलुलूत राल्फ क्लोवर्ड. दोन्हीकडच्या पद्धती १९५८ पर्यंत जगासमोर आल्या. रुग्ण उताणा, गळ्याच्या एका बाजूला त्वचेच्या सुरकुतीतच छोटा आडवा छेद. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका अंगाला, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या अंगाला सारली की मधल्या फटीतून थेट मणके दिसतात. स्नायू फारसे कापावेच लागत नाहीत. गादी काढायची, नसेवरचा दाब हटवायचा आणि त्या जागी रुग्णाच्याच कमरेचं हाड बसवायचं. मानेपेक्षा कमरेची ही जखमच जास्त दुखते, अशी तक्रार रुग्ण अनेक वर्षं करत राहिले. पुढे पट्ट्या, स्क्रू आणि हाडाऐवजी मणक्यांमध्ये बसवायचे पिंजरे (केज) आले तेव्हा तीही कमी झाली.

तेव्हाच्या निदानाचं कष्टप्रद रूपही आठवावं. कमरेत सुई टोचून मणक्याच्या पोकळीत डाय सोडायचा, टेबल डोक्याकडे कलतं करायचं, डाय मानेपर्यंत ओघळला की एक्स-रे. ऐंशीच्या दशकापासून एमआरआयने हे बहुतांशी थांबवलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांना पट्टी-स्क्रूने जोडण्याची पद्धत मांडली. ती ज्यासाठी आहे तो आजार वेगळा, पण मानेच्या शस्त्रक्रियेत आपल्याकडची ही भर मोठी. २००७ मध्ये अमेरिकेने मानेच्या कृत्रिम गादीला मान्यता दिली.

तरी माझं मत असं की या काळातली सर्वांत उपयोगी माहिती शस्त्रक्रियागृहाबाहेरची आहे. अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये १९७६ ते १९९० या काळातल्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा सुमारे चौथाई लोकांवरच शस्त्रक्रिया झाली होती. शेवटच्या तपासणीला मात्र दहापैकी नऊ जण बरे किंवा जवळपास बरे होते. १९९७ च्या एका स्वीडिश अभ्यासात ८१ रुग्णांचे तीन गट केले: शस्त्रक्रिया, व्यायाम आणि मानेचा पट्टा. पहिल्या काही महिन्यांत शस्त्रक्रिया सरस ठरली. वर्षभराने फारसा फरक राहिला नाही.

म्हणून नुसती कळ असेल तर घाबरून लगेच ऑपरेशनची तारीख घेऊ नका, औषध आणि व्यायामाला काही आठवडे द्या. पण हाताची ताकद कमी होत असेल, शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर एकही दिवस घरी काढू नका. दबलेला मज्जारज्जू वाट पाहत नाही, लगेच न्यूरोसर्जन किंवा मणक्याच्या सर्जनकडे जा.