ऊन आणि आपण (५) : बांगड्यांखालचा रंग

हातातल्या बांगड्या किंवा घड्याळ जरा वर सरकवून पाहा. खालचा पट्टा उजळ दिसतो, बाकीचा हात रापलेला. मूळ रंग पट्ट्याचा आणि भोवतीचा उन्हाने दिलेला, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. ऊन तो रंग देतं कसा, हे मात्र शाळेतही फारसं कुणी सांगितलेलं नसतं.

उन्हातले अतिनील किरण कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींत शिरतात आणि त्यांच्या डीएनएवर घाव घालतात. डीएनएच्या मजकुरातली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशी दुरुस्तीला लागते आणि त्याच वेळी खालच्या रंगपेशींना निरोप धाडते. रंगपेशी मेलॅनिन बनवतात, त्याच्या बारीक पुड्या वरच्या पेशींच्या हवाली करतात. पेशी त्या पुड्या आपल्या केंद्रकाच्या माथ्यावर रचते. शेतात निघालेल्या बाईने डोईवर पदर ओढून घ्यावा, अगदी तशी. हे सगळं व्हायला दोन-तीन दिवस जातात. म्हणून रविवारी गणपतीपुळ्याच्या वाळूत हुंदडून आलेली पोरं बुधवारी जास्त काळवंडलेली दिसतात. रंग चढतो तोवर घाव बसून गेलेला असतो, आणि असा चढलेला रंग पुढच्या उन्हापासून फार वाचवतही नाही. त्याचं संरक्षण जेमतेम एसपीएफ ३-४ च्या सनस्क्रीनइतकंच भरतं.

आपल्या जन्मजात सावळेपणाचं मोल मोठं आहे. गोऱ्या लोकांच्या तुलनेत आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी दिसतो, तो याच मेलॅनिनमुळे. पण सुरकुत्या, डाग, वांग यांतून ते आपल्याला सोडवत नाही.

मे महिन्यात महाराष्ट्रात सूर्य थेट डोक्यावर येतो. पुण्यात १४ मेच्या सुमारास भर दुपारी सरळ उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. अतिनील किरणांचा जोर ओळखायची खूणही सावलीच आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की कातडी झाकायला हवी. अंगाला चटका किती बसतो यावर विसंबू नका. ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी चटका जाणवत नाही, किरण मात्र पोचतात.

काचेच्या आडही हीच फसगत होते. अतिनील किरणांपैकी कातडी भाजणारे यूव्हीबी काच अडवते, खोलवर जाणारे यूव्हीए बऱ्याच अंशी आत सोडते. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या अमेरिकन ट्रकचालकाचं छायाचित्र आलं होतं. २८ वर्षं खिडकी त्याच्या डाव्या हाताला होती. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेशी, आणि डावी जाड, लोंबती, खोल सुरकुत्यांनी भरलेली. आपल्या चालकांची खिडकी उजवीकडे असते. समोरच्या काचेत प्लॅस्टिकचा थर असतो, तो यूव्हीए बरंचसं अडवतो. बाजूच्या साध्या काचेत तो नसतो.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय कापड. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवर पुरुषी लांब बाह्यांचा शर्ट चढवतात, पुण्यातल्या मुली दुचाकीवर सनकोट आणि स्कार्फ घालतात. त्यांना कुणी हसू नये, शास्त्र त्यांच्या बाजूचं आहे. वीण घट्ट हवी आणि कापड कोरडं हवं. भिजलेला पातळ पांढरा सदरा फारसं अडवत नाही. सांगोल्याकडे डाळिंबाला चट्टे पडू नयेत म्हणून बागांवर कापड अंथरतात. तेच कापड अंथरणारा माणूस उघड्या मानेने दिवसभर राबतो, याचं मला फार वाईट वाटतं.

जिथे कापड पोचत नाही तिथे सनस्क्रीन. एसपीएफ ३० पुरे. ते यूव्हीबी सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८. यूव्हीएसाठी डबीवर पीए आणि त्यापुढे तीन-चार अधिक-चिन्हं आहेत का, ते बघा. खरी चूक होते ती लावण्यात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं, आपण वाटाण्याएवढं लावतो. घामानं ते उतरतं, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा. वांग असणाऱ्यांनी रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं घ्यावं, कारण वांग साध्या प्रकाशानेही गडद होतो. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात सविस्तर.

रापलेपण घालवायला लिंबू चोळू नका. लिंबाच्या रसावर ऊन पडलं तर कातडी भाजते आणि महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग पडतात. त्याहून वाईट म्हणजे औषधाच्या दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून आणलेली ‘उजळ करणारी’ मलमं. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. आठवडाभर चेहरा खुलतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं, उन्हात पाऊल टाकवत नाही. आज घरातली नळी उलटून पाहा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं आणि ते चेहऱ्याला लावलं जात असेल, तर नळी घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ती एकदम बंद केली तर त्रास उसळतो, म्हणून कशी थांबवायची ते त्यांनाच विचारा.