एकच नांव दोनदां कां दिसतें?

मी मास्तर असतांना एका वर्षीं माझ्या वर्गांत एकाच नांवा-आडनांवाचीं दोन मुलें होतीं. हजेरी घेतांना नांव पुकारलें कीं दोघेही एकदम "हजर" म्हणत. बापाचें नांव लावल्याविना निवाडा होत नसे. पण शाळेच्या कारकुनानें तें नांव पटावर चुकून दोनदां लिहिलें गेलें असें समजून एक ओळ खोडून टाकली, आणि त्यांतल्या गरीब मुलाची फीमाफी त्या सहामाहीला बुडाली. ही गोष्ट गेल्या दिवाळींत मला एकाएकीं आठवली.

माझा पुतण्या एका कचेरींत टपालाचें यंत्र सांभाळतो. टपाल म्हणजे अर्थात् ई-मेल. पत्र लिहितांना नांवाचीं तीन अक्षरें टंकलीं कीं खालीं यादी उघडते; त्या यादींत एकच माणूस दोनदां दिसूं लागला होता. कित्येक पत्रें तर "हें नांव एकमेव नाहीं" असा शेरा मारून परत येत. पुतण्या म्हणाला, "काका, दुसरीं नांवें पुसून टाकतों, झालें!" मीं म्हटलें, "जरा थांब."

त्यांच्या कचेरींत नोट्स व डॉमिनो ही व्यवस्था आहे. लोटस कंपनीनें नोट्स १९८९ सालीं बाजारांत आणली, १९९५ सालीं आयबीएमनें ती कंपनीच विकत घेतली, आणि २०१९ पासून हा कारभार एचसीएल या भारतीय कंपनीकडे आहे. पत्रें पोंचविणाऱ्या यंत्रास सर्व्हर म्हणतात. एक बंद पडला तरी काम अडूं नये म्हणून दोन ते सहा सर्व्हर एका जुंपणींत बांधतां येतात, हें क्लस्टर. प्रत्येकापाशीं सर्वांच्या पत्त्यांची वही असते. एका वहींत फेरफार झाला कीं तो लागलीच इतर वह्यांत उतरविला जातो.

येथें बहुतेकांची पहिली समजूत अशी होते कीं, वह्या दोन म्हणून नांवें दोन. हें बरोबर नाहीं. या सर्व प्रतींवर एकच ओळखचिन्ह असतें, आणि नांव शोधतांना सर्व्हर एकाच प्रतींत पाहतो. तेव्हां चूक दुसरीकडे शोधली पाहिजे.

पहिला प्रश्न असा कीं, ही तक्रार सर्वांची आहे कीं एकाचीच? एकाच टेबलावर नांव दुहेरी दिसत असेल तर त्या गृहस्थानें आपल्या खासगी वहींतही तो पत्ता उतरून घेतलेला असतो. सर्व्हरला हात लावण्याचें कारण नाहीं. सर्वांचीच असेल तर क्लस्टरमधील प्रत्येक सर्व्हरला तेंच नांव वेगवेगळें विचारावें. मग दोन्हीं नोंदी उघडून त्यांचा बत्तीस अक्षरांचा क्रमांक ताडून पाहावा. प्रत्येक नोंदीला असा क्रमांक असतो. क्रमांक एकच निघाला तर नोंद एकच आहे, तिच्याकडे जाणारे दरवाजे मात्र दोन झाले आहेत.

पुतण्याकडे बहुतेक नांवांचें असेंच निघालें. मुख्य वहीखेरीज आणखी कोणत्या वह्या व कोणत्या क्रमानें पाहाव्यात, याची एक यादी डॉमिनोंत असते. मुंबईच्या शाखेची वही दोन सर्व्हरांवर होती, म्हणून कोणीं तरी त्या यादींत दोन स्वतंत्र कलमें घातलीं. वास्तविक कलम एकच असावें आणि त्यांतच पर्यायी प्रती नोंदाव्यात, म्हणजे एक नसली तर दुसरी पाहिली जाते. ही दुरुस्ती होतांच यादी जवळजवळ निर्मळ झाली. जवळजवळ म्हणतों, कारण तीन नांवें उरलीं, आणि त्यांचे क्रमांक निराळे होते.

पहिल्याचा उलगडा सोपा होता. एकच नोंद दोन सर्व्हरांवर दोघांनीं एकाच सुमारास बदलली होती. अशा वेळीं जिच्यावर अधिक वेळां फेरफार झाले ती मुख्य ठरते, बरोबरी असल्यास शेवटीं जतन केलेली. दुसरी तंटा म्हणून बाजूस राहते. म्हणजे हरलेल्या नोंदींतच नवा, खरा मजकूर असूं शकतो! दोन्हीं ताडून पाहिल्याविना ती पुसूं नये. तसेंच एका प्रतींत पुसलेलें सर्व प्रतींत पुसलें जातें, हेंही ध्यानांत ठेवावें.

दुसरें नांव म्हणजे भूतच होतें. त्या बाईंची बदली झाल्यावर जुनी नोंद पुसून नवी केली होती. पुसलेल्या नोंदीची खूण मागें राहते, म्हणून ती पुन्हां येत नाहीं. पण ही खूण सामान्यतः नव्वद दिवसांनीं नाहींशी होते. चार महिने बंद असलेला एक सर्व्हर पुन्हां सुरू केला, पूर्वीच्या मेळाची नोंद पुसून नव्यानें मेळ घातला, आणि त्याच्या वहींतली जुनी नोंद सर्वत्र पसरली. इतके दिवस बंद असलेली प्रत टाकून देऊन नवी करणें हाच यावर उपाय.

तिसऱ्या नांवापाशीं पुतण्याचा हात पुसण्याच्या कळीवर गेलाच होता. मीं विचारलें, "बापाचें नांव पाहिलेंस का?" त्यानें नोकरीचे क्रमांक काढले, ते वेगळे निघाले. एक गृहस्थ हिशेबखात्यांत, दुसरा भांडारांत. दोघेही खरे, दोघेही हजर!

भांडारांतल्या गृहस्थाच्या नांवांत बापाच्या नांवाचें आद्याक्षर घातलें. दोन महिने परत जात असलेलें त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचें पत्र दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्याला मिळालें.