नम्रता: कोणी वाकायचे आणि कोणी उभे राहायचे?

नम्र हा शब्द आपल्या व्यवहारात फार स्वस्त झाला आहे. रजेच्या अर्जाखाली ‘आपला नम्र’ असतो, लग्नपत्रिकेखाली ‘विनीत’ असतात, आणि निवडणुकीच्या फलकावरील ‘नम्र आवाहन’ तर रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहिलेले असते. शब्दाची अशी झीज झाली म्हणजे त्यामागच्या गुणाविषयीही मनात संशय उत्पन्न होतो. वरिष्ठांपुढे पडते घेणे किंवा अंगी असलेला मोठेपणा नसल्याचा बहाणा करणे, ही नम्रतेची दोनच रूपे मग आपल्या डोळ्यांपुढे येतात. ख्रिस्ती धर्मविचारात मात्र या गुणाला केंद्रस्थान आहे. ईश्वरी कृपेचा आणि लीनतेचा संबंध नव्या करारातील याकोबाच्या व पेत्राच्या पत्रांत स्पष्टपणे जोडलेला आहे. तो संबंध नेमका कोणत्या प्रकारचा, हा प्रश्न केवळ ख्रिस्ती वाचकांच्याच नव्हे, तर सर्वांच्याच विचारास पात्र आहे.

पहिला गैरसमज असा की, नम्रता ही कृपेची किंमत आहे. माणसाने अमुक इतके लीन व्हावे आणि त्याच्या मोबदल्यात देवाने अमुक इतकी कृपा करावी, असा हा हिशेब. लूककृत शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार यांचा दृष्टांत या हिशेबालाच सुरुंग लावतो. मंदिरात उभा राहून परूशी आपले उपवास आणि दानधर्म देवाला मोजून दाखवतो. जकातदाराजवळ मोजण्यासारखे काहीच नसते. तो फक्त दया मागतो, आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो. येथे नम्रता हे जकातदाराचे भांडवल नव्हे. आपल्याजवळ भांडवल नाही, एवढे सत्य त्याने ओळखले, इतकेच. या दृष्टांतातील सापळाही लक्षात घेण्याजोगा आहे. तो ऐकून ‘मी त्या परूशासारखा नाही, हे बरे’ असे ज्याच्या मनात येते, तो त्याच क्षणी परूशाच्या शेजारी जाऊन उभा राहतो.

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात, भरे-घोटवड्याच्या बाजूस, भाताची शेती आहे. तेथील पावसाळा ज्याने पाहिला असेल त्याला ही गोष्ट कळण्यास फारसे शास्त्र लागणार नाही. पाऊस सर्वत्र सारखाच पडतो. डोंगराच्या माथ्यावरून तो वाहून जातो आणि खालच्या खाचरात थांबतो. खाचराने तो कमावलेला नसतो. त्याची जागा खोलगट असते, म्हणून तेथे पाणी राहते. कृपा ही अशी आहे. ती वेतन नव्हे, बक्षीसही नव्हे. नम्रता म्हणजे ती धरून ठेवणारी जागा. मात्र त्याच खाचरात वाकून लावणी करणाऱ्या बायांकडे पाहिले की एक दुसरा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आपल्या शेतात आनंदाने वाकणारी पाठ आणि दुसऱ्याच्या शेतात गरजेने वाकलेली पाठ लांबून सारखीच दिसते. त्या दोहोंना नम्रता हे एकच नाव देता येईल काय?

याच पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील केडगावाने या प्रश्नाचे उत्तर एका स्त्रीच्या आयुष्यातून दिले आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. संस्कृतवरील असामान्य प्रभुत्वामुळे कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सामान्य चरित्रकार येथे प्रकरण संपवील. रमाबाईंनी तसे केले नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीला तत्त्व पटले होते. अंतःकरण रितेच होते. हॅस्लॅम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले, आणि धर्मोपदेश करणारा माणूसही आतून कोरा असू शकतो, हे पाहून त्या स्वतःकडे वळल्या. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपली विद्वत्ता, आपला त्याग, आपले कार्य यांपैकी काहीही देवापुढे ठेवण्याची आवश्यकता नाही. जसे आहोत तसे स्वीकारले जाणे, हीच कृपा. एका पंडितेला हे कळण्यास आठ वर्षे लागावीत, यात आश्चर्य नाही. ज्याच्या हातात काही आहे, त्याला हात रिकामा करणे अधिक अवघड जाते.

या अनुभवाचा परिणाम त्यांच्या कामावर कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने व अत्याचाराने गांजलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांतूनच केडगावचे ‘मुक्ती’ सदन उभे राहिले. ते आजही चालू आहे. तेथे दळण, स्वयंपाक, विणकाम, शेती आणि छापखाना ही सारी कामे स्त्रिया करीत. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन होण्यापूर्वी थोडेच दिवस आधी ते काम पुरे झाले, आणि त्याची छपाई मुक्तीतील स्त्रियांनी केली. या अनुवादाची भाषा त्यांनी मुद्दाम साधी ठेवली. संस्कृतची सारी संपत्ती जिच्या जिभेवर होती, तिने नुकत्याच अक्षरे शिकलेल्या दुष्काळग्रस्त मुलीला कळेल अशी मराठी लिहिण्याचे ठरवले. आपल्या विद्वत्तेचा लाभ दुसऱ्याला व्हावा, पण तिचा भार त्याच्यावर पडू नये, याहून विद्वानाच्या नम्रतेची अचूक कसोटी दुसरी कोणती?

परंतु रमाबाईंच्या चरित्राची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हे चित्र अपुरे राहील. वाँटेजच्या ज्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या आईच्या ठिकाणी मानीत, त्यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात धर्मसिद्धान्तांच्या प्रश्नांवर रमाबाई वारंवार मतभेद व्यक्त करतात, आणि वडीलधाऱ्यांकडून त्यांच्यावर अहंकाराचा ठपका येतो. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की, देवाने आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी दिली आहे आणि ती दुसऱ्याच्या स्वाधीन करणे म्हणजे नम्रता नव्हे. इकडे पुण्यातही धर्मांतराच्या आरोपावरून शारदा सदनावर वादळ उठले आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. त्या वादात कोणाचे किती खरे, याची चर्चा निराळी. येथे सांगायचे ते इतके की, देवापुढे पूर्णपणे वाकलेली ही स्त्री माणसांपुढे सहजासहजी वाकली नाही, आणि या दोन गोष्टींत विसंगती नाही. जो एकदा योग्य ठिकाणी वाकला, त्याला भलत्या ठिकाणी वाकण्याची गरज उरत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचा मार्ग निराळा होता. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या संतापाने आणि दुःखाने सुमारे पाच वर्षे दूर राहिल्या. नंतर तेव्हाच्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्या आल्या. तरी सोवळे सुटेना. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी आपल्या मनाशी छडा लावला, आणि ती माणसानेच केली हे पटताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हे ठाऊकच आहे की, स्वतःच्या भ्रामक समजुतींवर हसण्याची त्यांची हातोटी विलक्षण आहे. उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या वाट्याला नम्रता आली ती अशी: कोणाला काही देऊन नव्हे, तर ज्याला आजवर खालचा मानले त्याच्या हातून पाणी घेऊन.

त्या प्रदेशातील ख्रिस्ती समाजात महार आणि मांग जातींतून आलेल्या कुटुंबांचा भरणा मोठा होता. त्यांना नम्रतेचा उपदेश कोणी व कसा करावा? गावकुसाबाहेर पिढ्यान् पिढ्या वाकून जगलेल्या माणसास ‘आणखी वाक’ असे सांगणे हा धर्म नव्हे, क्रौर्य होय. लूकच्याच शुभवर्तमानात अठरा वर्षे कुबडी होऊन राहिलेल्या एका स्त्रीची गोष्ट आहे. येशू तिला लीनतेचे महत्त्व सांगत नाही. तो तिच्यावर हात ठेवून तिला सरळ उभी करतो. आणि पुढे थोड्याच पानांवर जक्कय नावाचा धनाढ्य जकातदार भेटतो, तेव्हा त्याला उंबराच्या झाडावरून खाली उतरण्यास सांगतो. कृपा एकच, एकाला ती खाली उतरवते, दुसरीला उभी करते. हा भेद विसरल्यामुळे चर्चच्या बाकांपर्यंतही जातीची सावली पोहोचली. भारतातील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली आपल्या दलितविषयक धोरणात या अन्यायाची उघड कबुली दिली, ही नम्रतेचीच एक पायरी म्हणावी लागेल. मात्र कबुलीच्या पुढच्या पायऱ्या चढल्याखेरीज तिला अर्थ नाही. जक्कयाने केवळ पश्चात्ताप व्यक्त केला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लबाडीने घेतलेले चौपट परत करण्याचे त्याने तेथेच जाहीर केले.

रोजच्या आयुष्यात याचा अर्थ काय? कचेरीच्या खिडकीशी सातबारा घेऊन उभा असलेला माणूस आपल्या सवडीची वाट पाहत नसून आपल्या हक्काची वाट पाहत आहे, हे कारकुनाने ओळखणे ही नम्रता आहे. फळ्यावरील चूक शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याने दाखवली असता शिक्षकाने ती निमूटपणे पुसणे ही नम्रता आहे. आणि ती चूक दाखवण्यास त्या विद्यार्थ्याने धजणे, हेही नम्रतेच्या विरुद्ध नाही. याहून अवघड एक प्रकार आहे: दुसऱ्याकडून घेणे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला, तेव्हा पेत्राने प्रथम नकारच दिला. सेवा करण्यात आपला हात वर राहतो. सेवा घेण्यात तो खाली येतो. आजारपणात, म्हातारपणी, अपयशात दुसऱ्याचे साहाय्य संकोच न बाळगता स्वीकारता येणे, ही कृपेची अगदी घरगुती ओळख होय.

हा विचार परका आहे, असे मराठी माणसाने मानण्याचे कारण नाही. देहूच्या तुकोबांनी देवाजवळ लहानपण मागितले होते, आणि ना. वा. टिळक तर तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे सांगत. पण लहानपण स्वतःसाठी मागायचे असते. दुसऱ्यावर लादायचे नसते. ज्याच्याजवळ पद, पदवी, जात वा पैसा यांची उंची आहे, त्याने खाली उतरावे. ज्याची पाठ इतरांनी वाकवली आहे, त्याने उभे राहावे. दोघे एका पातळीवर आले की जे घडते त्याला ख्रिस्ती परंपरा कृपा म्हणते. ‘आपला नम्र’ अशी सही करण्यापूर्वी आपण या दोघांपैकी कोण, एवढा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला तरी त्या झिजलेल्या शब्दाला पुन्हा काही मोल येईल.