पाण्याच्या भांड्यावरून फुटलेला संघ

वैशाख पौर्णिमा जवळ आली की आपल्या तरुणांच्या मोबाईलवर दरवर्षी तेच वाद सुरू होतात. भगवान बुद्धांचा जन्म इ.स.पूर्व ५६३ चा की त्यानंतरचा? गृहत्याग चार दृश्ये पाहून झाला की रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यामुळे? 'सरणं' म्हणताना अनुस्वार कसा उच्चारायचा? सुरुवात चांगल्या प्रश्नाने होते. रात्री बारापर्यंत मात्र कोणाची पाली कच्ची आहे आणि कोण 'खरा आंबेडकरवादी' नाही, यावर गाडी येऊन थांबते. मूळ प्रश्न कोणाला आठवत नाही. नव्याने धम्म समजून घ्यायला आलेला मुलगा किंवा मुलगी हे सगळे वाचते आणि गुपचूप निघून जाते.

हा प्रश्न मोबाईलने जन्माला घातलेला नाही. भगवान बुद्धांच्या हयातीत संघालाही तो भेडसावला होता. म्हणून त्यावरचे उपायही आपल्याच परंपरेत सापडतात.

कोसंबीचा तंटा

कोसंबी म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील कौशांबी, यमुनेच्या काठचे नगर. तिथल्या विहारात दोन विद्वान भिक्खू होते. एक धम्मकथिक, दुसरे विनयधर. अट्ठकथेनुसार धम्मकथिकांनी शौचकूपातील भांड्यात वापरून उरलेले पाणी तसेच ठेवले. विनयधर म्हणाले, हा दोष आहे. धम्मकथिक तो कबूल करायला तयार झाले. तेव्हा विनयधरच म्हणाले, नकळत झाले असेल तर दोष नाही. गोष्ट इथेच मिटायला हवी होती. पण विनयधरांनी नंतर आपल्या शिष्यांना सांगितले, 'त्यांच्याकडून दोष घडला, पण त्यांना तो कळत नाही.' शिष्यांनी ते समोरच्या शिष्यांना ऐकवले. उलट उत्तर आले, 'आधी दोष नाही म्हणाले, आता आहे म्हणतात, म्हणजे ते खोटे बोलतात.' विनयधरांच्या बाजूने धम्मकथिकांवर बहिष्काराची कारवाई केली आणि संघ दोन गटांत फुटला.

तथागतांनी समजावले, तरी कोणी ऐकले नाही. 'भगवंतांनी निवांत राहावे, आमचे भांडण आम्ही पाहून घेऊ,' असे उत्तर मिळाले. तथागत कोसंबी सोडून गेले. मग शहाणपणा दाखवला तो उपासकांनी. भांडणाऱ्या भिक्खूंना वंदन करायचे नाही, भिक्षा वाढायची नाही, असे त्यांनी ठरवले. तेव्हा कुठे भिक्खू श्रावस्तीला जाऊन समेटाला तयार झाले.

या प्रसंगातला क्रम नीट पाहा. पाण्याचा मुद्दा पहिल्याच संवादात संपला होता. पुढचे सगळे भांडण 'कोण काय म्हणाले' यावर झाले. आपल्या चर्चाही नेमक्या याच पायऱ्यांनी उतरतात. विषयावरून शब्दावर, शब्दावरून माणसावर आणि माणसावरून गटावर.

लहान काय, मोठे काय?

मज्झिम निकायात यासाठी दोन चांगल्या कसोट्या आहेत. पहिली चूळमालुंक्य सुत्तात. जग शाश्वत आहे की नाही, याचे उत्तर मिळाल्याशिवाय मी ब्रह्मचर्य पाळणार नाही, असा मालुंक्यपुत्ताचा हट्ट होता. त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला गेला. बाण कोणी मारला, त्याचे गोत्र कोणते, धनुष्य कशाचे, हे कळेपर्यंत तो बाण काढू देणार नसेल तर उत्तराआधीच मरेल. म्हणजे कसोटी अशी: या प्रश्नाच्या उत्तराने दुःख कमी होणार आहे का? आपल्या वागण्यात काही फरक पडणार आहे का?

दुसरी कसोटी किंति सुत्तात आहे. मतभेद अर्थाचा आहे की केवळ शब्दांचा, हे आधी तपासा. अर्थ एक आणि शब्द वेगळे असतील, तर शब्द ही क्षुल्लक बाब आहे, तिच्यासाठी भांडू नका, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे.

या कसोट्या लावल्या की आपले वाद वेगवेगळे दिसू लागतात. अनुस्वाराच्या उच्चाराने कोणाचे शील बदलत नाही. परिनिर्वाणाच्या सनाबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत, पण त्यामुळे १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचे मोल कमी होत नाही. गृहत्यागाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे चार प्रश्न मांडले, त्यांतला हा पहिला. धम्म एकट्याच्या दुःखातून सुटण्यासाठी आहे की माणसामाणसातील संघर्ष मिटवण्यासाठीही आहे, हे त्या उत्तरावर ठरते. म्हणून हा वाद जरूर व्हावा. फक्त तो या मुद्द्यावर व्हावा, 'तुमच्या पुस्तकाचा पान क्रमांक सांगा' यावर अडकू नये.

प्रत्येक तपशील क्षुल्लक नसतो

इथे एक सावधगिरी हवी. 'छोट्या गोष्टी सोडा' हे वाक्य अडचणीचा प्रश्न दाबण्यासाठीही वापरले जाते. परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत दहा मुद्द्यांवर वाद झाला. त्यात शिंगात मीठ साठवून ठेवण्यासारखे मुद्दे होते, तसाच भिक्खूंनी सोने-चांदी स्वीकारण्याचाही होता. यस स्थविरांनी उपासकांकडून पैसे गोळा करण्याला विरोध केला. त्यांना वाटा देऊ केला गेला, तो त्यांनी नाकारला. हा तपशील नव्हता, संघाच्या चारित्र्याचा प्रश्न होता.

आजही तसेच आहे. बोधगया मंदिर कायदा १९४९ नुसार समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात. महाबोधी महाविहाराच्या आंदोलनाबद्दल बोलणाऱ्याला एवढा तपशील ठाऊक असायलाच हवा. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. जनगणनेत धर्म 'बौद्ध' लिहावा की नाही, अशी भीती घालणाऱ्याला उत्तर द्यायचे तर हाच तपशील कामी येतो. गंमत अशी की आपल्या चर्चांमध्ये या तपशिलांवर चार ओळी येतात आणि अनुस्वारावर चारशे.

मार्गही जुनाच आहे

वैशालीच्या सभेत सातशे भिक्खू होते. बोलणे लांबत चालले, कोणाच्या म्हणण्याचा अर्थ लागेना. तेव्हा पूर्वेकडचे चार आणि पश्चिमेकडचे चार अशा आठ स्थविरांकडे विषय सोपवला गेला. त्यांनी एकेक मुद्दा घेऊन निर्णय दिला.

हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. वाद सुरू होताना मूळ प्रश्न एका वाक्यात लिहून ठेवावा. दोन-तीन फेऱ्यांत विषय भरकटला तर दोन्ही बाजूंच्या चार जाणत्यांनी, त्यात महिला कार्यकर्त्याही असाव्यात, रविवारी विहारात बसून ग्रंथ समोर ठेवून बोलावे आणि निष्कर्ष सगळ्यांना कळवावा. विषय सोडून माणसावर घसरणाऱ्याला बाकीच्यांनी दाद देऊ नये. कोसंबीच्या उपासकांनी भिक्षा थांबवली, आपण निदान लाईक तरी थांबवू शकतो.

आपल्या वस्त्यांत शिष्यवृत्ती अडकलेली मुले आहेत, अत्याचाराच्या खटल्यांत एकट्या पडलेल्या कुटुंबांना तारखेला सोबत हवी आहे. त्यांना लागलेला बाण काढायला हात हवे आहेत. ते हात रात्रभर टाईप करण्यात गुंतलेले असू नयेत, एवढेच आमचे म्हणणे.

नमो बुद्धाय, जय भीम!