झीलकऱ्यांच्या बाजूने

चैत्र-वैशाखात नगर जिल्ह्यातील ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू झाल्या म्हणजे पारापारावर ज्या पत्रिका चिकटविल्या जातात, त्यांत पालखी, छबिना, शोभेचे दारूकाम आणि कुस्त्यांचा हगामा यांच्या जोडीने तमाशाच्या फडाचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते. आणि ते नाव आपल्या आवडीच्या फडाचे असले की माझ्यासारख्या रसिकाला त्या गावचे अंतर आणि रात्रीचे जागरण या दोन्ही गोष्टी गौण वाटू लागतात. यंदा संगमनेर तालुक्यातील अशाच एका यात्रेला मी दिवेलागणीपूर्वीच जाऊन पोहोचलो, कारण खेळाइतकीच त्याची मांडामांड पाहणे मला प्रिय आहे.

फड म्हणजे एक चालते संस्थानच होय. स्वतःचे ट्रक, स्वतःचा बोर्ड, स्वतःची दिवाबत्ती आणि स्वतःची चूल घेऊन तो दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो, तो उन्हाळा सरेपर्यंत रोज नव्या गावी मुक्काम करतो. हंगामापूर्वी कलावंतांना द्यावयाची उचल फडमालक बहुधा कर्ज काढून उभी करतो, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे पुढारी येऊन सुपारीचा आकडा ठरवितात, त्यावर त्या कर्जाची फेड अवलंबून असते. कोणा धनिकाच्या आश्रयाविना एवढा पसारा वर्षानुवर्षे चालतो, याचे मला अपार कौतुक वाटते.

बोर्डाच्या मागल्या बाजूस कागद आणि वाळले गवत पेटवून हलगीवाला आपले वाद्य शेकीत बसला होता. जाळावर हलगी क्षणभर धरावी, फिरवावी, बोटाने टिचकी मारून पाहावी, पुन्हा धरावी, असा त्याचा उद्योग चालला होता. कातडे तापून ताणले की आवाज कडक निघतो, परंतु क्षणभर अधिक राहिले तर तेच कातडे तडकते. पलीकडे ढोलकीवाला दोरीतल्या कड्या सरकवीत, मान कलती करून, उजव्या पुडीचा सूर पेटीशी जुळवीत होता. पुडी लागल्यावर डाव्या अंगास त्याने तळव्याचा नुसता दाब दिला, तोच घुमारा असा निघाला की ट्रकावरून सामान उतरविणारा हमालही ओझे खांद्यावर ठेवूनच थबकला.

हलगी-ढोलकीची सलामी झडली, गण झाला, गवळणीत मावशीने हशा पिकविला. माझे लक्ष मात्र नेहमीप्रमाणे मागल्या रांगेत, तुणतुणे आणि झांज घेऊन उभ्या असलेल्या झीलकऱ्यांवर होते. गाणारीने ओळीचा शेवटचा स्वर सोडावा आणि यांनी तो उचलून चढ्या आवाजात लांबवावा, तेवढ्या अवधीत तिने श्वास घ्यावा आणि ढोलकीवाल्याने लय बदलावी, अशी ही व्यवस्था. त्या रात्री लावणी म्हणणाऱ्या बाईंचा गळा महिनोन्‌महिन्यांच्या जागरणांनी बसलेला होता. तिसऱ्या कडव्यात वरचा स्वर अर्ध्यावर फाटणार, हे मला जाणवले तेव्हा मागल्या म्हाताऱ्या सुरत्याला ते आधीच कळलेले होते. कानावर हात ठेवून त्याने मात्राभर अगोदरच झील उचलली, फाटू पाहणारा स्वर तिच्याखाली झाकला गेला, आणि बाईंनी मागे वळूनही न पाहता गिरकी घेतली. लोकांनी फेटे उडविले, दौलतजादा झाला. ती दाद बाईंची होती आणि ती त्यांना मिळणे रास्तच होते. परंतु माझ्या टाळ्या त्या म्हाताऱ्यासाठी होत्या.

संगमनेरची भूमी या विद्येची जुनी वतनदार आहे. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) येथलेच. याच जिल्ह्यातील चौंडीस जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांच्या सांगण्यावरून त्यांनी तमाशा सोडून कीर्तन धरले, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तरी मला त्यात मोठा विच्छेद दिसत नाही, कारण कीर्तनातही मागे उभा राहून ध्रुवपद झेलणारा कोणी लागतोच. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून जिचे नाव सांगितले जाते, ती पठ्ठे बापूरावांच्या फडातील पवळा हिवरगावची, म्हणजे याच तालुक्यातली. आणि कांताबाई सातारकरांनी तर संगमनेरास घर करून, पुरुषभूमिकाही गाजवीत, मुलगा रघुवीर खेडकर यांच्यासह फड नावारूपास आणला. त्यांचे निधनही २०२१ साली येथेच झाले.

मध्यरात्रीनंतर रंगबाजीत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड पुढे आले. विजेच्या वाद्यांशी माझे वैर नाही. नगरजवळ मेहेराबादेस ज्यांची समाधी आहे त्या मेहेरबाबांचे भक्त पीट टाऊनशेंड यांनी ‘द हू’ या इंग्रज रॉक बँडच्या १९७१ सालच्या एका गाण्याच्या शीर्षकातच बाबांना स्थान दिले. त्या गाण्याच्या आरंभी विजेच्या ऑर्गनची एकच स्वराकृती अखंड फिरत राहते आणि बाकीची वाद्ये तिच्या आधाराने उभी राहतात. तुणतुण्याची एकुलती तार दुसरे काय करते? माझी तक्रार आहे ती आवाजाच्या पातळीविषयी. कर्णे एवढे चढविले जातात की झीलकऱ्यांचे नुसते उघडे तोंड दिसते, आणि गाणारीलाही मागचा आधार ऐकू येईनासा होतो. मग ती ओरडते, आणि गळा आणखी बसतो. तरुण श्रोते या भागालाच अधिक नाचत होते, आणि त्यांचा आनंद खोटा नव्हता. पण झील ऐकू आली असती तर तो दुणावला असता, असे मला मनापासून वाटते.

वग संपता संपता उजाडले. तास-दोन तासांच्या झोपेनंतर, यात्रेच्या रिवाजाप्रमाणे, देवळापुढे हजेरी झाली. तेथे कर्णे नव्हते, रंगरंगोटी नव्हती. पारोशा चेहऱ्यांची तीच मंडळी मांडी घालून बसली होती आणि समोर गावातले वडीलधारे होते. बाईंनी खालच्या पट्टीत गवळण धरली आणि झीलकऱ्यांचे तिन्ही आवाज मला प्रथमच वेगवेगळे ऐकू आले: म्हाताऱ्याचा किंचित कापरा पण नेमका, दुसरा भरघोस, तिसरा एका पोरसवद्या मुलाचा, जो अजून म्हाताऱ्याच्या ओठांकडे पाहून स्वर पकडीत होता. एकदा तो चुकला, तेव्हा म्हाताऱ्याने तुणतुण्याचा ठेका न मोडता कोपराने त्याला हलकेच ढोसले. पुढल्या ओळीस पोराने स्वर बरोबर धरला, आणि ढोलकीवाल्याने त्याच्याकडे पाहून एक तुकडा जादा वाजविला.