पहिल्या गोळीआधीची एक तपासणी

एचआयव्हीचे निदान झालेली व्यक्ती एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचाराच्या केंद्रात पहिल्यांदा येते, तेव्हा तिच्या नावाने तपासण्यांची लांबलचक यादी निघते. हिमोग्लोबिन, साखर, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी), छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी आणि सी. याच यादीत व्हीडीआरएल किंवा आरपीआर अशी आणखी एक नोंद असते. ती सिफिलिसची, म्हणजे जुनी माणसे ज्याला ‘गरमी’ म्हणत त्या आजाराची तपासणी. नव्या रुग्णाचे आणि त्याच्या घरच्यांचे सगळे लक्ष त्या घडीला सीडी४च्या आकड्याकडे असते आणि ते स्वाभाविकच आहे. पण या यादीतले बाकीचे बरेच आजार वर्षानुवर्षे सांभाळावे लागतात, आणि सिफिलिस मात्र एका किंवा तीन इंजेक्शनांत पूर्ण बरा होतो. त्यामुळे ही तपासणी कागदावर ‘झाली’ अशी खूण करून मागे टाकण्यासारखी नाही. तिचा अहवाल वाचला गेला, त्यावर लगेच उपचार झाले, जोडीदारापर्यंत ते पोहोचले आणि पुढे ठरावीक काळाने ती पुन्हा केली गेली, तरच तिचा उपयोग. एचआयव्हीचे उपचार सुरू होण्याचा दिवस हा सिफिलिस पकडण्याचाही सर्वांत चांगला दिवस आहे आणि आपण तो वाया घालवता कामा नये.

सिफिलिस ट्रेपोनेमा पॅलिडम या मळसूत्रासारख्या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू १९०५ मध्ये बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी ओळखला. त्याची खरी ताकद लपून राहण्यात आहे. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी लिंगावर, योनीत, गुदद्वाराशी किंवा तोंडात एक जखम होते. ती दुखत नाही, त्यामुळे आतल्या बाजूला असेल तर कळतही नाही. महिना-दीड महिन्यात ती औषधाविना भरून येते आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठते, बरेचदा तळहात-तळपायांवरही. तेही सहसा खाजत नाही आणि आपोआप जाते. त्यानंतर आजार वर्षानुवर्षे गप्प बसतो. या काळात बाहेरून काहीही दिसत नाही, फक्त रक्त बोलते. उपचार न झालेल्या अनेकांमध्ये पुढे हृदयाची महाधमनी, मेंदू, मज्जारज्जू किंवा हाडे यांना इजा होते. हा आजार इतिहासजमा झाला, असा समज मात्र चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एकाच वर्षात जगभरात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८० लाख लोकांना नव्याने सिफिलिस झाला.

एचआयव्ही आणि सिफिलिस एकाच शरीरात वारंवार भेटतात याचे पहिले कारण उघड आहे. दोघांचा मुख्य मार्ग एकच, असुरक्षित लैंगिक संबंध. पण नाते एवढ्यावरच संपत नाही. सिफिलिसच्या जखमेमुळे त्वचेची भिंत तुटते आणि त्या जागी नेमक्या त्याच पेशी गोळा होतात ज्यांत एचआयव्ही शिरतो. त्यामुळे एचआयव्ही नसलेल्याला तो लागण्याची आणि असलेल्याकडून तो पसरण्याची, दोन्ही शक्यता वाढतात. ज्यांचे एचआयव्हीचे उपचार अजून सुरू झालेले नाहीत त्यांच्यात ताज्या सिफिलिसच्या काळात रक्तातील विषाणूंची संख्या वाढते आणि सीडी४ घटतात, असे काही अभ्यासांत आढळले आहे. एआरटीची पहिली गोळी घेतल्यावर विषाणू दुसऱ्या दिवशी नाहीसा होत नाही. आज आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या डोल्युटेग्रॅव्हिरवर आधारित गोळीने तो बहुतेकांत काही महिन्यांत दबतो, पण दबेपर्यंतचा काळ जोखमीचा असतोच. नेमक्या त्या महिन्यांत अंगावर सिफिलिसची जखम असेल तर जोडीदाराला असलेला धोका वाढतो. सिफिलिसचा उपचार ‘पुढच्या भेटीत बघू’ असे म्हणून लांबवणे म्हणूनच चुकीचे आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. विषाणू एकदा दबला, तपासणीत सापडेनासा झाला की लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. युरोपात झालेल्या ‘पार्टनर-२’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यात जोडीदारांपैकी एकालाच एचआयव्ही असलेली ७८२ समलिंगी पुरुष जोडपी होती. निरोधाशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले, आणि उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून दुसऱ्याला एचआयव्ही लागल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. मग सिफिलिसची एवढी चिंता का करायची? उत्तर त्याच अभ्यासात आहे. त्या पुरुषांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला त्या काळात दुसरा एखादा लैंगिक आजार झाला होता. एआरटीच्या गोळ्या एचआयव्हीला थोपवतात, सिफिलिसच्या जिवाणूवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. विषाणू दबल्याचा आनंद आणि त्यातून आलेली मोकळीक रुग्णाच्या हक्काची आहे. ती हिरावून घेण्याचे काही कारण नाही. पण मोकळिकीसोबत तपासणी यायला हवी, कारण गोळीचे संरक्षण एकाच आजारापुरते आहे.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक अडचण आहे. उपचार सुरू झाल्यावर दोन-चार आठवड्यांत अंगावर पुरळ आले की पहिला संशय औषधावर जातो. सीडी४ कमी असलेल्यांना कोट्रायमोक्साझोलही दिलेले असते आणि त्याची ॲलर्जी त्वचेवर उमटते, हे सर्वांना ठाऊक असते. मग गोळी बंद होते किंवा बदलली जाते. ते पुरळ सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्याचे असेल तर ते तसेही काही आठवड्यांत मावळते. औषध थांबवल्याचाच हा गुण, असा सर्वांचा समज होतो आणि आजार आत शिरून बसतो. डोळ्यांचेही तेच. धूसर दिसू लागले तर एचआयव्हीत होणाऱ्या इतर संसर्गांकडे बोट जाते, पण सिफिलिसही डोळ्यात उतरतो आणि वेळेत ओळखला नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते. एचआयव्ही असलेल्यांमध्ये, विशेषतः सीडी४ घटलेले असताना, मेंदू आणि डोळ्यांचा सिफिलिस अधिक आढळतो. पहिल्याच दिवशीचा आरपीआर अहवाल फाइलमध्ये असेल तर पुढचा हा सगळा गोंधळ टळण्याची शक्यता बरीच वाढते.

या अहवालात ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहिलेले पुरत नाही. आरपीआर तपासणीत पांढऱ्या कार्डावरील वर्तुळात रक्तद्रवाचा थेंब ठेवतात, त्यात कोळशाचे सूक्ष्म कण असलेले द्रावण मिसळतात आणि कार्ड काही मिनिटे फिरवतात. सिफिलिसमध्ये तयार होणारी प्रतिपिंडे असतील तर काळ्या कणांच्या गुठळ्या होतात आणि त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मग तोच रक्तद्रव सलाइन घालून निम्मा, पाव, अष्टमांश असा पातळ करत जातात. ज्या पातळीपर्यंत गुठळ्या दिसतात तो आकडा म्हणजे टायटर, उदाहरणार्थ १:३२. उपचार लागू पडला तर हा आकडा पुढच्या काही महिन्यांत निदान चौपट उतरतो, १:३२ चा १:८ किंवा त्याहून कमी होतो. उतरलेला आकडा नंतर पुन्हा चौपट चढला तर बहुधा नव्याने संसर्ग झाला असे समजावे, कारण एकदा सिफिलिस झाल्याने त्याविरुद्ध कायमची प्रतिकारशक्ती येत नाही. काहींमध्ये पूर्ण उपचारानंतरही थोडा आकडा टिकून राहतो. टीपीएचएसारखी खातरजमा करणारी तपासणी तर बहुतेकांत जन्मभर ‘आहे’ असेच दाखवते. म्हणून सुरुवातीचा आकडा नोंदलेला नसेल तर तीन वर्षांनंतरचा १:८ वाचताच येत नाही. तो चढता आहे की उतरता, जुना की नवा, हे ठरवायला हाताशी काही उरत नाही. त्या वेळी रुग्णाला एक तर विनाकारण इंजेक्शने दिली जातात किंवा गरज असताना दिली जात नाहीत.

उपचार मात्र सरळ आहे. बेंझाथीन पेनिसिलिनचे २४ लाख युनिट स्नायूत द्यायचे. संसर्ग अलीकडचा असेल तर एकदा, जुना असेल किंवा केव्हाचा ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी सिफिलिसवर पेनिसिलिन वापरले, तेव्हापासून आजवर हा जिवाणू त्याला निर्ढावलेला नाही. ॲझिथ्रोमायसिनला मात्र जगात अनेक ठिकाणी तो दाद देत नाही. तरीही आपल्याकडे पेनिसिलिन म्हटले की दवाखान्यांत हात आखडतो, कारण रिॲक्शनची भीती. ही भीती निराधार नाही, पण तिचे माप चुकले आहे. जीव धोक्यात घालणारी ॲलर्जी फार विरळ असते. आधी नीट विचारपूस केली, ॲड्रिनलिन हाताशी ठेवले आणि इंजेक्शननंतर रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवले, तर ती सांभाळता येते. इंजेक्शन घट्ट असते, जाड सुईने कुल्ल्यात द्यावे लागते आणि दुखते, हेही आधीच सांगायला हवे. शिवाय पहिल्या २४ तासांत अनेकांना ताप, थंडी, अंगदुखी होते. मरणाऱ्या जिवाणूंवर शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया असते, ॲलर्जी नव्हे. हे कोणी सांगितले नाही तर रुग्ण ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ असे जन्मभर सांगत राहतो आणि त्याच्यासाठीचे सर्वांत चांगले औषध कायमचे बाद होते. खरोखर ॲलर्जी असणाऱ्यांसाठी डॉक्सीसायक्लिन आहे, पण ते दोन ते चार आठवडे रोज दोनदा न चुकता घ्यावे लागते, आणि गरोदरपणात सिफिलिसवर पेनिसिलिनला पर्याय नाही.

आता खर्चाचा आणि कामाच्या बोजाचा आक्षेप. सर्वसामान्य लोकांत, म्हणजे गरोदर स्त्रियांच्या तपासण्यांत आपल्याकडे सिफिलिस फारच कमी सापडतो. क्षयरोग, कुपोषण, औषधे अर्ध्यावर सोडणारे रुग्ण, एवढे सगळे असताना वाकलेल्या एआरटी केंद्रांवर आणखी काम का घालायचे? इथे समाजाचे सरासरी प्रमाण कामाचे नाही. ज्यांना लैंगिक संबंधांतून एचआयव्ही झाला आहे ते सिफिलिसच्या वाटेवर आधीच उभे होते, म्हणून त्यांच्यात तो सापडण्याची शक्यता अनेक पटींनी जास्त. लक्षणे दिसल्यावर उपचार करू, हे धोरणही पुरेसे नाही. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तांगावरील जखमेसाठी पांढऱ्या रंगाचे किट मिळते, त्यात हेच इंजेक्शन असते. पण ते किट मिळायला जखम दिसावी लागते, आणि गप्प बसलेल्या सिफिलिसला जखम नसते. कामाच्या बोजाबद्दल बोलायचे तर एचआयव्हीचा रुग्ण औषधांसाठी केंद्रात नियमित येतच असतो, आणि त्याचे रक्तही ठरावीक काळाने घेतले जाते. त्याच रक्ताच्या नळीतून आरपीआर करायला फारसा खर्च येत नाही. दुसऱ्या कुठल्या रुग्णाचा पाठपुरावा इतका सोपा नसतो. भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू झाली आणि २०१७ पासून एचआयव्ही आढळताच, सीडी४ कितीही असले तरी उपचार सुरू करण्याचे धोरण आले. अंदाजे २५ लाख भारतीय आज एचआयव्हीसह जगत आहेत आणि सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यासाठी जी यंत्रणा कष्टाने उभी राहिली, तिच्यावर सिफिलिसची तपासणी बसवणे हे नवे ओझे कमी आणि जुन्या गुंतवणुकीचे चीज जास्त आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. एचआयव्हीचा धक्का पचवणाऱ्या माणसाला त्याच दिवशी आणखी एका ‘लाजिरवाण्या’ आजाराची बातमी द्यायची? आणि जोडीदाराला बोलवायचे म्हणजे घरात ‘हे कुठून आले?’ हा प्रश्न उभा करायचा, ज्याची किंमत बहुधा बाईच मोजते. नवऱ्याकडून आजार मिळालेल्या स्त्रीवरच आळ येतो, हे वास्तव नाकारण्यात अर्थ नाही. पण हा आक्षेप तपासणी न करण्याचे कारण ठरत नाही. त्यातून ती कशी करावी, हे कळते. तपासणीआधी संमती हवी, आणि निकाल गुप्त राहायला हवा. एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला, संमती आणि गोपनीयता हे हक्क दिले आहेत. सिफिलिसच्या बाबतीतही समुपदेशकाने तीच काटेकोर शिस्त पाळावी. एचआयव्ही बरा होत नाही हे ऐकलेल्या माणसाला त्याच खोलीत ‘हा दुसरा आजार मात्र पूर्ण बरा होतो’ असे सांगता येते, आणि नीट सांगितले तर तो आधार ठरतो. जोडीदाराचे उपचार झाले नाहीत तर पहिल्याचे इंजेक्शन व्यर्थ जाते, कारण आजार पुन्हा परत येतो. आणि ती स्त्री गरोदर असेल किंवा होणार असेल तर प्रश्न तिच्यापुरता उरत नाही. उपचार न झालेल्या सिफिलिसमुळे गर्भपात होतो, मूल मृत जन्मते किंवा आजार घेऊन जन्मते. आईला वेळेत पेनिसिलिन दिले तर यातले जवळजवळ सारे टळते. आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही संपवण्याचे उद्दिष्ट देशाने एकत्र ठेवले आहे आणि गरोदरपणात दोन्ही आजार एकाच किटवर तपासण्याची सोयही झाली आहे. जी शिस्त गरोदर बाईसाठी योग्य ठरते, तीच एआरटी सुरू करणाऱ्या प्रत्येकासाठी योग्य आहे.

म्हणून मागणी मोठी नाही, पण ठाम आहे. एआरटी सुरू होताना आरपीआर व्हावी आणि तिचा आकडा फाइलमध्ये, दिसेल असा लिहिला जावा. निकाल ‘आहे’ आला तर रुग्णाला दुसऱ्या विभागात, दुसऱ्या दिवशी न धाडता इंजेक्शन तिथेच आणि त्याच भेटीत मिळावे. जोडीदाराला सन्मानाने बोलावले जावे. पुढे आकडा उतरतो आहे की नाही ते पाहिले जावे, आणि ज्यांना नव्याने संसर्ग होण्याची शक्यता राहते त्यांची तपासणी दर काही महिन्यांनी पुन्हा व्हावी. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी स्वतः उपचार घेत असेल किंवा घरात कोणी घेत असेल, तर पुढच्या भेटीत दोनच प्रश्न विचारावेत: माझी सिफिलिसची तपासणी झाली आहे का, आणि टायटर किती आला? हे विचारण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्याचा इलाज ऐंशी वर्षांपासून आपल्या हातात आहे, त्या आजाराने एचआयव्हीवर मात करत असलेल्या माणसाची दृष्टी किंवा बाळ हिरावून न्यावे, ही गोष्ट आपण मुळीच खपवून घेता कामा नये.